आधी वर्णन, मग नाव

भाद्रपद संपत आला की आमच्या पक्षीमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ताप चढतो. उत्तरेकडचे पाहुणे उतरायला लागलेले असतात आणि आपल्यालाच काहीतरी जगावेगळं दिसावं, अशी बडोद्यातल्या प्रत्येक दुर्बीणवाल्याची इच्छा असते. मांजलपूरच्या एका बाईंना वडाच्या शेंड्यावर ससाणा दिसला. फोटो मोठा करून पाहिला तर पतंग. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, अडकलेला, उन्हापावसात राहून तपकिरी झालेला. तरसालीच्या एका डॉक्टरांना दरवर्षी क्रौंच दिसतो आणि दरवर्षी जवळ गेल्यावर त्याचा बगळा होतो. मी कुणाला हसत नाही. ग्रुपवर मी टाकलेला पहिला दुर्मीळ पक्षी म्हणजे समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरचं शिंगवालं घुबड. कबुतरं पळवायला बसवलेलं, प्लॅस्टिकचं. पहाटे, दुपारी, संध्याकाळी ते एकाच जागी होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

म्हणून मंडळाचा एक नियम आहे, आणि तो माझ्या मोठ्या दिरांनी, लक्ष्मीकांत भाऊजींनी, घालून दिलेला. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो नसेल तर तो दोघांनी पाहिला पाहिजे. पाहताना एकमेकांशी बोलायचं नाही. मग मंडळातले मुकुंदभाई दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारणार, एखाद्या लग्नाच्या मुलीची चौकशी करावी तसं. चोच कशी, पाय कसे, उडाला कसा, ओरडला कसा. आधी वर्णन, मग नाव. वर्णनाच्या मध्येच नाव तोंडातून निसटलं तर नोंद बाद. वर्णनं जुळली आणि नाव चुकलं, तरीही बाद.

"नाव आधी मनात आलं की डोळे त्याचीच चाकरी करतात," असं भाऊजी म्हणत. माझ्या कितीतरी नोंदी त्यांनी अशाच उडवल्या. घरची म्हणून सूट नाही. उलट घरची म्हणून जरा जास्तच.

भाऊजी रेल्वेतून निवृत्त झालेले. कांचनताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, गेल्यापासून तरसालीच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या घरात, एकटेच राहतात. आम्ही मांजलपूरला. माझे यजमान नंदेसरीला कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे सकाळी मी आणि भाऊजी आपापल्या गाड्यांवरून निघायचो, एखाद्या तळ्याकाठी भेटायचो आणि फारसं न बोलता परत यायचो. लोकांना वाटतं पक्षी बघणारी माणसं शांत असतात. शांत कसली, ती एकमेकांवर रुसलेली असतात.

विसर्जनानंतर एकदोन दिवसांतच सकाळी अमोघचा फोन आला. अमोघ भाऊजींचा मुलगा. बायको यशश्रीबरोबर पुण्याला असतो, गणपतीला एकटाच आला होता.

"काकू, उठली होतीस ना?"

"माझ्या दोन पोळ्या लाटूनही झाल्या. काय झालं?"

"बाबांना काल विसर्जनाच्या तळ्यावर एक पक्षी दिसलाय."

"बरं मग?"

"मग काय मग? मी नेटवर शोधलं. तसला पक्षी इकडे येतच नाही. समुद्राकाठी येतो म्हणे, तोही क्वचित. आणि ते रंग काय सांगतायत माहितीये? चक्क—"

"सांगू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की तव्यावरची पोळी करपली. "मला काही सांगू नकोस, अमोघ."

तो म्हणाला, "तूही त्यांच्यातलीच."

तसं पाहिलं तर त्याचं चुकत नव्हतं. गणपती असतानाच त्याने मला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं होतं. बाबांनी गॅसवर बिनपाण्याचा कुकर चढवला. बाबा मकरपुऱ्याला गाडी ठेवून चालत घरी आले आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस चौकीत जाऊन बसले. आरतीत तिसऱ्या कडव्याला थांबले आणि पुढे काय ते आठवेना, नुसती टाळी वाजवत राहिले. "मी त्यांना पुण्याला नेतोय, काकू. दोन तिकिटं काढलीयेत. घर भाड्याने देऊन टाकू." मी त्याला म्हणाले होते, अरे, आरती मलाही येत नाही, मी वर्षानुवर्षं ओठ हलवते. तो हसला नव्हता.

आता फोनवर त्याने नवीन गोष्ट सांगितली. रात्री बापलेकांचं भांडण झालं. अमोघ म्हणाला, बाबा, तुम्हाला भास होतायत, ही शेवटची पायरी आहे. भाऊजी म्हणाले, निरुपमाकाकूला पाहू दे. मुकुंद विचारेल. तिचं आणि माझं वर्णन जुळलं तर तू परवा एकटा जायचं आणि पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही जुळलं तर मी मुकाट्याने बॅग भरतो.

"आणि तू हो म्हणालास?"

"म्हणालो. काकू, मला फक्त एवढंच हवंय, तू जे दिसेल ते खरं सांग. त्यांना वाचवायला म्हणून काही सांगू नकोस."

"वाचवू कशी? त्यांनी काय पाहिलं तेच मला माहीत नाही."

"हां, तेही आहे," अमोघ म्हणाला.

तर अशा तऱ्हेने एका माणसाचं घर राहतं की जातं, हे मला न सांगितलेल्या एका पक्ष्यावर अवलंबून होतं. मी दुर्बीण पुसली आणि अ‍ॅक्टिव्हा काढली.

तरसालीच्या मागच्या मैदानात कॉर्पोरेशन दरवर्षी विसर्जनासाठी तळं खणतं. आत मोठं ताडपत्रीसारखं प्लॅस्टिक अंथरलेलं, कडेला बांबू. विसर्जन झालं की दोनचार दिवसांत पाणी उपसून टाकतात, पण यंदा ते राहिलं होतं. पाण्याचा रंग सांगता येणार नाही असा झाला होता. मूर्तींचे रंग, गुलाल, झेंडू, सगळं एकत्र होऊन डाळिंबाच्या रसासारखं काहीतरी. कडेला विरघळलेल्या मातीचा गाळ, आणि गाळ म्हटला की पक्षी आलेच. परदेशातून इतक्या लांब उडत येतात आणि उतरतात आमच्या बाप्पाच्या चिखलात.

भाऊजी बांबूपाशी मातीच्या ढिगावर बसले होते. तळ्याकडे पाठ करून.

"हे काय? असे उलटे का बसलात?"

"मी कुठे बघतो ते तुला दिसायला नको. माझ्या तोंडाकडेही बघू नकोस."

"अहो भाऊजी, निदान डावीकडे का उजवीकडे एवढं तरी."

"निरुपमा, मी मंडळातून लोक काढून टाकलेत ह्यावरून."

"एवढे पक्षी आहेत इथे! कुठला सांगायचा मी?"

"जो सांगण्यासारखा वाटेल तो. एकच." आणि त्यांनी रस्त्याकडे बघत खिशातून शेंगदाणे काढले.

मी दुर्बीण लावली. आयुष्यात पहिल्यांदा मला पक्षी बघायची भीती वाटली.

आधी दिसले शेकाटे, त्यांच्या लांब गुलाबी काटक्या पायांवर. त्यातल्या एकाच्या पांढऱ्या पोटावर आडवी लाल रेघ, बादलीवर पाण्याची खूण राहते तशी. हा असेल का? मग गायबगळे. एक बगळा छातीपर्यंत गुलाबी, जणू होळीला सापडलेला. हा असेल? टिटव्या होत्या, धोबी पक्षी होता. आणि मग प्लॅस्टिकच्या कडेने तुरुतुरु चालत एक मूठभर पक्षी आला. गळ्यापासून पोटापर्यंत विटेसारखा लाल. वरून मातकट तपकिरी. मी हा पक्षी कधीच पाहिला नव्हता.

पण त्याची चाल मी पाहिलेली होती. हजारदा. तो दोन पावलं चालला की त्याचं मागचं अर्धं अंग वरखाली होई. थांबला तरी वरखाली. चालू असलेल्या शिलाई मशीनवर बसवल्यासारखा. खांद्यापाशी, लाल रंग संपतो तिथे, पांढरी फट. मग तो पाण्याच्या कडेला बसला, छाती त्या डाळिंबी पाण्यात बुडवली, पंख फडफडवले आणि आणखी लाल होऊन बाहेर आला.

तुतवार होता. साधा, दरवर्षी प्रत्येक डबक्यावर येणारा तुतवार. पाण्याच्या टाकीखाली, गटाराच्या काठी, कुठेही शेपूट हलवत फिरतो तो. बाप्पाच्या रंगात आंघोळ करून लाल झालेला.

मला हसू आलं. मग हसू गेलं.

कारण भाऊजींनी ह्यातला कुठला सांगितला असेल? भाऊजी डोक्याने ठीक असतील तर ह्यातला एकही सांगण्यासारखा नव्हता. ते इथे येऊन पोट धरून हसले असते आणि ग्रुपवर रंगीत बगळ्याचा फोटो टाकला असता. आणि डोक्याने ठीक नसतील तर? तर त्यांनी काहीही पाहिलं असेल. मोर. हत्ती. मी तिथे उभी राहून विचार करत होते की शहाण्या भाऊजींना काय दिसेल ते सांगू की वेड्या भाऊजींना. दोन्ही माणसं तिथेच पाठ करून शेंगदाणे खात होती.

शेवटी मी तुतवार ठरवला. त्याला एकच कारण होतं. भाऊजींनी मला स्वतः शिकवलेला पक्षी तेवढा एकच. बाकी सगळे मी पुस्तकं चाळून आणि चुका करून शिकले. लग्न होऊन आले तेव्हा सुरसागरच्या कठड्यावर उभं राहून त्यांनी हाताची बोटं जुळवून मनगटातून वरखाली हलवून दाखवली होती, "हे असं जो करतो तो तुतवार. दुसरं काही बघायचीच गरज नाही." कांचनताई म्हणाल्या होत्या, "नव्या नवरीला शेपट्या काय दाखवताय!"

"झालं?" भाऊजींनी विचारलं.

"झालं."

"बोलू नकोस."

"नाही बोलत."

"पण दिसला ना?" त्यांच्याने राहवलं नाही. लगेच जीभ चावली. "नको. नको सांगूस."

परत जाताना एक गोष्ट झाली ती लिहितेच. मैदानातून बाहेर पडल्यावर भाऊजी उजवीकडे वळले. त्यांचं घर डावीकडे आहे. मी हॉर्न दिला. ते थांबले, आणि म्हणाले, "म्हटलं जरा वळसा घेऊ." वळसा घेतही असतील. मी स्वतः मांजलपूरच्या नव्या सोसायट्यांत दर आठवड्याला हरवते.

घरी मुकुंदभाई येऊन हिंचक्यावर झोके घेत बसले होते. मुकुंदभाई गुजराती, पण दांडिया बाजारात मराठी पोरांत वाढलेले. मराठी फर्डं बोलतात, मध्येच गुजराती डोकं वर काढतं इतकंच.

"चालो, कोर्ट सुरू," ते म्हणाले. "लक्ष्मीकांतभाई पहेला. काकी, तुम्ही रसोड्यात. आणि दरवाजा बंद."

स्वयंपाकघरात अमोघने चहा टाकला. बाहेरून नुसता आवाज येत होता, शब्द नाहीत. भाऊजींचा आवाज खणखणीत होता. कितीतरी दिवसांत इतका खणखणीत ऐकला नव्हता.

"काकू, तुला काही वेगळं दिसलं का?" अमोघने दूध ओतताना विचारलं.

"नियम."

"तुमच्या नियमाची—" पुढचं त्याने गिळलं. मग चहाकडे बघत म्हणाला, "मला काय त्यांना न्यायची हौस आहे? यशश्री म्हणते, आपल्या फ्लॅटमध्ये ते काय करतील दिवसभर. मलाही माहीत नाही. पण इथे काही झालं तर?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मुकुंदभाई आत आले. अमोघला म्हणाले, "तू इथेच बस, चालेल. पण चेहरा नको करू." मग माझ्याकडे वळले. "बोला, काकी. नाव नाही."

मी सगळं सांगितलं. मैनेपेक्षा थोडासा लहान. चोच सरळ, मध्यम. गळ्यापासून पोटापर्यंत विटकरी लाल. खांद्यापाशी पांढरी फट. मागचं अंग सारखं वरखाली. उडाला तेव्हा पाण्याला लागून, पंख ताठ, थरथरवत. आवाज बारीक, टी-टी-टी. सांगता सांगता मुकुंदभाईंचे डोळे मोठे होत गेले, आणि माझ्या लक्षात आलं की जुळतंय. मग मला इतका आनंद झाला की चोचीचा रंग सांगायचा राहिला आणि तो मला पुन्हा विचारावा लागला.

"हवे नाव," मुकुंदभाई म्हणाले.

"तुतवार. रंगलेला."

मुकुंदभाईंनी कपातला चमचा काढून बशीत ठेवला. मग पुन्हा कपात ठेवला.

"चालो बाहेर," ते म्हणाले.

बाहेर भाऊजी ताठ बसले होते, मुलाखतीला आल्यासारखे. मुकुंदभाई उभेच राहिले.

"वर्णन?" भाऊजींनी विचारलं.

"जुळलं. एकूणएक. इतक्या वर्षांत मी असं जुळलेलं ऐकलं नाही."

अमोघ भिंतीला टेकला. "म्हणजे लाल पक्षी होता? खरंच?"

"होता ने. काकींनी पण जोयो, बघितला."

अमोघने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्षणभर मला वाटलं रडतो की काय, पण हात काढले तेव्हा तो हसत होता. "सॉरी, बाबा. मी उगाच. मला वाटलं..."

"असू दे रे." भाऊजी उदार झाले होते. "जा, कोपऱ्यावरून सेवउसळ घेऊन ये सगळ्यांना. तर्री वेगळी सांग, हिला तिखट चालत नाही." मग मुकुंदभाईंकडे वळून अगदी सहज, "आणि नाव? हिने काय सांगितलं?"

"तुतवार."

भाऊजी मोठ्याने हसले. "निरुपमा! अगं, तुतवार कधी लाल असतो का? रेड नॉट आहे तो, रेड नॉट! ध्रुवाकडून येतो. आपल्या यादीत नाही, काठेवाडच्या किनाऱ्यावर कधीतरी दिसतो. वाट चुकून आलाय बिचारा."

"रंग आहे, भाऊजी. त्या पाण्याचा. आंघोळ करत होता, मी पाहिलं. बगळेही लाल झालेत."

"बरं, असेल रंग. नॉटला नाही का लागणार रंग?"

हे खरं होतं. मी गोंधळले. रंग कुणालाही लागू शकतो.

"पण खांद्यापाशी पांढरं होतं," मी म्हणाले.

"होतंच. मी सांगितलंय."

"उडताना पंख ताठ."

"सांगितलंय."

"आणि शेपूट, भाऊजी."

"शेपूट सारखी वरखाली. तेही सांगितलंय. विचार मुकुंदला." त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मग?"

मुकुंदभाई खिडकीकडे बघू लागले. अमोघ सेवउसळीसाठी चपला घालत होता, तो एक चप्पल घालून थांबला.

मी काय करायला हवं होतं, मला अजून माहीत नाही. पैज वर्णनाची होती, नावाची नव्हती. भाऊजी जिंकले होते. मी गप्प बसले असते तर सेवउसळ खाऊन अमोघ एकटा पुण्याला गेला असता. पण भाऊजी माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते, परीक्षक बघतो तसे नाही, विद्यार्थी बघतो तसे. मी हाताची बोटं जुळवली आणि मनगटातून वरखाली हलवली.

भाऊजी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांचा मांडीवरचा हात आपोआप हलायला लागला. तसाच, बोटं जुळवून. ते आपल्याच हाताकडे पाहू लागले, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"तुतवार," ते म्हणाले.

"हो."

"हे सगळं मी सांगितलं? शेपटीसकट?"

"अरे, सूरज सामे असेल," मुकुंदभाई म्हणाले. "उन्हाच्या तोंडावर बघितलं की—"

"मुकुंद, थापा मारू नकोस. मी शेपटीसकट सांगितलं आणि नॉट म्हणालो?"

मुकुंदभाईंनी होकारार्थी मान हलवली.

अमोघला काही कळत नव्हतं. "अहो बाबा, नावच चुकलं ना नुसतं? मला कावळा सोडून एक पक्षी ओळखता येत नाही."

"तू शिकलाच नाहीस," भाऊजी म्हणाले. "मी शिकलो होतो."

ते उठले. "नोंद बाद. नियम माझाच आहे. मी बॅग भरतो."

"बाबा, पैज वर्णनाची होती! तुम्ही जिंकलात."

"वर्णन जुळलं, नाव चुकलं. बाद."

"तो तुमच्या मंडळाचा नियम झाला! आपलं काय ठरलं होतं? शब्द नि शब्द जुळलाय. मी एकटाच जाणार उद्या."

"तुला पक्ष्यांतलं काय कळतं रे!" भाऊजी ओरडले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

आता पाहा, काल रात्री मुलगा ओढत होता आणि बाप जात नव्हता. आता बाप निघाला होता आणि मुलगा अडवत होता. आणि मी, जिने फक्त एका पक्ष्याचं नाव बरोबर सांगितलं होतं, मध्ये उभी होते. कुणाच्या बाजूने, ते मलाच कळेना.

अमोघ जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "काकू, हे काळजीचं आहे का? नाव विसरणं? सगळेच विसरतात."

"विसरतात," मी म्हणाले.

"मग तुम्ही दोघं असे का बघताय?"

मुकुंदभाई म्हणाले, "जवा दे, दीकरा." पण ते पोर ऐकणारं नव्हतं. मला त्याला समजावता येईना. पक्ष्यांची भाषा त्याला येत नाही आणि डॉक्टरांची मला. शेवटी म्हणाले, "हे बघ. समज, उद्या कुणी त्यांना विचारलं, तुमच्या दारात कोण उभंय. आणि ते म्हणाले, उंच आहे, चष्मा आहे, डाव्या पायावर जरा जास्त भार देतो, हसताना नाक उडवतो. सगळं तुझं. आणि मग नाव शेजारच्या सुभाषचं घेतलं."

अमोघ खाली बसला. एक चप्पल पायात, एक हातात.

बोलले आणि लगेच वाटलं, इतकं नको होतं बोलायला. पण मग वाटलं, मी न बोलून काय, ते तर झालेलंच आहे. मग वाटलं, झालंय कशावरून? एक माणूस एका सकाळी एका रंगलेल्या पक्ष्याला चुकला. मी प्लॅस्टिकच्या घुबडाला चुकले होते आणि मला कुणी पुण्याला नेलं नाही. माझ्या डोक्यात ह्या तिन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या आणि त्यातली कुठली पुढे करावी ते ठरेना.

"त्यांना दिसतं मात्र सगळं," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त. चोचीचा रंग मी विसरले होते, ते नाही विसरले."

"हां," मुकुंदभाई म्हणाले. "ए वात साची."

आतून कपाट बंद झालं. पावलं आली. आम्ही तिघंही उगीच इकडेतिकडे बघायला लागलो. भाऊजी दारात आले. पायात बूट, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. हातात बॅग नव्हती.

"चला," ते म्हणाले. "ऊन वर यायच्या आत. दुपारी पाणी उपसायला कॉर्पोरेशनवाले आले तर तो उडून जाईल."

"कुठे, बाबा?"

"कुठे म्हणजे? तळ्यावर. मला तो नीट बघायचाय."

अमोघने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे. "आणि... बॅग?"

"बॅग?" भाऊजी थांबले. कपाळावर एक आठी आली. ती गेली. "बॅगेचं नंतर." आणि ते पायऱ्या उतरून गेले.

"काकू," अमोघ माझ्या कानाशी म्हणाला, "हे विसरले, की त्यांनी ठरवलं?"

"नाही कळलं रे मला."

"मुकुंदकाका?"

मुकुंदभाईंनी दोन्ही हात वर केले.

अमोघने खिशातून फोन काढला. तिकिटांचं पान उघडून बराच वेळ बघत राहिला. दोन नावं, एकाखाली एक. "एक रद्द करू, की दोन्ही?" त्याने विचारलं, पण मला विचारलं असं वाटलं नाही. मी म्हणाले, "दोन्ही कर. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ, इथेच. मी येते." त्याने दोन्ही रद्द केली. मग दुसरी चप्पल घातली, ती काढली, आणि आतून बूट घालून आला.

बाहेर भाऊजी गाडीजवळ उभे होते. गाडीवर बसले नव्हते. किल्ली अमोघपुढे धरली. "तू चालव. मी मागे बसतो. मागून जास्त दिसतं."

अमोघने किल्ली घेतली. गाडी सुरू करता करता त्याने विचारलं, बहुतेक त्यांना बरं वाटावं म्हणून, "बाबा, मला सांगा ना, हा तुतवार ओळखायचा कसा?"

भाऊजींनी तोंड उघडलं. त्यांचा हात दुर्बिणीवर गेला, तिथून सुटला. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा होता की भीती, ते सकाळच्या त्या उजेडात मला काही केल्या ओळखता आलं नाही.

"हिला विचार," ते म्हणाले. "हिचा पक्षी आहे."

अमोघ थांबला, माझ्याकडे बघत. आणि मी, जिने आत्ताच चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं होतं, गाडीच्या हँडलला धरून नुसती उभी राहिले.